फिजिकल थेरपीचा रस्ता कुठल्या विषयातून जातो?

बंगळुरू, इंदूर, बडोदा अशा ठिकाणांहून श्रोते एकच प्रश्न विचारत असतात: "मुलीला अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायचंय. तिथे कॉलेजात मुख्य विषय कोणता घ्यावा?" प्रश्न करिअरचा आहे, पण उत्तराची सुरुवात पहिल्या महायुद्धात होते. म्हणून आज हा विषय.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. शल्यचिकित्सक जवानांचे प्राण वाचवत होते, पण आखडलेला गुडघा आणि लुळा पडलेला हात घेऊन घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय? या कामासाठी 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणून स्त्रिया भरती झाल्या. तेव्हा या विषयाची पदवीच नव्हती. मग या बायका आल्या कुठून? बऱ्याचशा शारीरिक शिक्षणाच्या शाळांमधून. वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात हे काम उभं करणाऱ्या मार्गेरिट सँडरसन बोस्टनच्या व्यायामशिक्षण विद्यालयात शिकलेल्या. मेरी मॅकमिलन यांचं शिक्षण इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलला झालेलं. १९१८ मध्ये ओरेगनमधल्या रीड कॉलेजात त्यांनी सुमारे २०० जणींना तयार केलं. १९२१ साली या व्यवसायाची संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

फौजी माणूस म्हणून मला एक गोष्ट खटकते. या स्त्रिया लष्करासाठी राबल्या, पण कागदोपत्री नागरी कर्मचारीच राहिल्या. ना हुद्दा, ना सैनिकाचे लाभ. फिजिकल थेरपिस्टना पूर्ण कमिशन मिळायला १९४४ उजाडलं. मॅकमिलन तर दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत पडल्या आणि छावणीतही त्यांनी उपचारांचं काम सोडलं नाही.

पुढे नियम आले. १९२८ च्या पहिल्या अभ्यासक्रमाला नऊ महिने लागत आणि प्रवेश मिळे तो शारीरिक शिक्षण किंवा नर्सिंग झालेल्यांना. पोलिओच्या साथींनी आणि दुसऱ्या महायुद्धाने मागणी वाढवली. अभ्यासक्रम पदवीचा झाला, मग पदव्युत्तर. १९९३ मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठाने थेट डॉक्टरेटचा वर्ग सुरू केला. २०१६ पासून नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांना तिथे 'डीपीटी' ही डॉक्टरेटच लागते. म्हणजे साधारण चार वर्षं कॉलेज आणि वर तीन वर्षं.

आता गंमत बघा. वरची इमारत एवढी उंच झाली, पण खालचं दार मोकळंच राहिलं. आजही डीपीटीसाठी ठरावीक मुख्य विषयाची सक्ती नाही. सक्ती आहे ती काही पेपरांची: शरीररचना, शरीरक्रिया, जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र. कायनेसिऑलॉजी, म्हणजे मानवी हालचालींचं शास्त्र, घेतलं तर यातले बरेच पेपर आपोआप होतात, म्हणून तिकडे गर्दी असते. जीवशास्त्र घेतलं तरी तसंच. पण इतिहास किंवा संगीत घेतलेली मुलगीही हे पेपर वेगळे करून अर्ज करू शकते. प्रत्येक विद्यापीठाची यादी थोडी वेगळी असते; ती पहिल्याच वर्षी काढून भिंतीवर लावा. शिवाय सरासरी गुण बघतात आणि बऱ्याच ठिकाणी थेरपिस्टच्या हाताखाली निरीक्षणाचे तासही मागतात.

आपल्याकडे गणित वेगळं. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. आपल्याकडे बारावीनंतर मूल थेट बीपीटीला जातं. निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षीच होतो. अमेरिकेत तो चार वर्षं पुढे ढकलता येतो, पण पैसा आणि वर्षं जास्त लागतात. बीपीटी करून तिकडे जायचं, तर आधी पदवीची छाननी होते, मग परवाना परीक्षा. हा हिशोब घरात बसून मोकळेपणाने करा.

माझं मत विचाराल, तर तीन कसोट्या लावा. ज्या विषयात मनापासून चांगले गुण मिळतील तो घ्या. डीपीटीला प्रवेश नाही मिळाला तरी ज्याच्यावर पोट भरता येईल असा घ्या. आणि माणूस कळेल असं काहीतरी त्यात असू द्या. तिसरी कसोटी मी मुद्दाम घालतोय. नोकरीत असताना पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात आणि खडकीच्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात मी जवानांना भेटलो आहे. स्नायूंची नावं पुस्तकात मिळतात. पण पाय गमावलेल्या पंचविशीतल्या पोराला सकाळी सहाला उठून दोन पावलं टाकायला कसं तयार करायचं, ते पुस्तकात नसतं. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं. अशा माणसाच्या शेजारी उभं राहायचं हे काम आहे. मुलीला ते आवडणार असेल, तर विषयाचं नाव दुय्यम.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!