‘हाय हझर्ड’ धरण म्हणजे फुटायला आलेलं धरण का? धरणाची दोन रेटिंग्ज समजून घ्या

पावसाळा आला की ‘अमुक धरण हाय हझर्ड यादीत’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. वाचणाऱ्याला वाटतं, झालं, आता धरण फुटणार! पण धरणाला दोन वेगवेगळी रेटिंग्ज असतात आणि गोंधळ इथेच होतो.

1. धोका वर्ग

इथे प्रश्न एकच: धरण फुटलंच, तर खाली किती नुकसान होईल? माणसं, घरं, शेती, पर्यावरण, सगळं मोजायचं. धरण मजबूत आहे की कमकुवत, हे यातून कळत नाही.

2. सुरक्षा स्थिती

इथे धरणाची स्वतःची तब्येत तपासतात: गळती, भेगा, दरवाजे, सांडवा. सापडलेल्या दोषांच्या तीन श्रेणी करतात. श्रेणी 1 म्हणजे धरण फुटू शकेल असे दोष. श्रेणी 2 म्हणजे लवकर दुरुस्त करायला हवेत असे मोठे दोष. श्रेणी 3 म्हणजे वर्षभरात दुरुस्त होणारे किरकोळ दोष.

सोपं उदाहरण घ्या. एकच बग गेममध्ये असला तर स्कोअर जातो, पेमेंट अ‍ॅपमध्ये असला तर पैसे जातात. बग तोच, धोका वेगळा.

खडकवासल्याचं उदाहरण

मुठा नदीवरचं हे दगडी धरण 1879 साली पूर्ण झालं. त्यातून निघालेल्या कालव्यांवर शेती भिजू लागली. 12 जुलै 1961 ला वरच्या बाजूचं, काम सुरू असलेलं पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. म्हणजे नदीवर वर काय आहे, हेही बघावं लागतं.

तेव्हापासून खाली शहर प्रचंड वाढलंय. धरणाचा एक दगडही हलला नाही, तरी खाली वस्ती वाढली की धोका वाढतो. आणि फक्त वयावरही जाऊ नका. टेमघर धरण खडकवासल्यापेक्षा शंभरहून जास्त वर्षांनी तरुण, तरी 2016 साली त्याची मोठी गळती बातम्यांत होती.

कायदा काय सांगतो?

धरण सुरक्षा कायदा 2021 नुसार 15 मीटरपेक्षा उंच धरणांची, आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांचीही, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. आपत्कालीन कृती आराखडाही लागतो.

तुम्ही काय कराल?

मॅपचा सॅटेलाइट व्ह्यू उघडा आणि धरणापासून नदीच्या काठाने खाली या. तुमचं घर, कॉलेज वाटेत येतं का, बघा. येत असेल तर उंच जागा आणि तिथे जायचा रस्ता आत्ताच ठरवा. ‘सचेत’ अ‍ॅप टाका आणि त्याची नोटिफिकेशन्स चालू ठेवा.

आणि पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी विचारा: कुठलं रेटिंग, धोक्याचं की तब्येतीचं?