मैहरचा रियाज



रियाजाचा विषय निघाला कीं आपण प्रथम तासांचा हिशेब विचारतों. अमुक वादक रोज इतके तास बसत असे, हें ऐकलें म्हणजे त्याच्या मोठेपणाचें गमक हातीं आलें, असें आपणांस वाटतें. मैहर दरबारचे वादक उस्ताद अल्लाउद्दीन खां यांच्या घराचा इतिहास मात्र याहून निराळें कांहीं सांगतो.

खांसाहेबांची शिस्त कडक होती, यांत शंका नाहीं. चिरंजीव अली अकबर यांना ते दिवसाचे अठरा-अठरा तास सरोद घेऊन बसवीत, असें सांगतात. १९३८ सालीं रविशंकर थोरले बंधू उदयशंकर यांची नृत्यमंडळी सोडून, त्या लहानशा गांवीं सतार शिकण्यास येऊन राहिले. परंतु गुरूनें सर्वांस एकच साचा लावला नाहीं. कन्या अन्नपूर्णा प्रथम सतार शिकत; तिचा स्वभाव ओळखून वडिलांनीं तिच्या हातीं सूरबहार हें धीरगंभीर आलापाचें वाद्य दिलें. सतार सर्वांस रिझविते, सूरबहाराची खोली थोड्यांसच उमगते, हेंहि त्यांनीं तिला बजावलें होतें, अशी आठवण आहे.

पुढें अन्नपूर्णादेवी मुंबईंत राहिल्या. १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं जाहीर मैफली सोडल्या. रियाज आणि विद्यादान मात्र बंद दाराआड चालूच राहिलें. २०१८ सालीं त्या निवर्तल्या.

त्यांच्याकडे हरिप्रसाद चौरसिया शिकावयास आले, तेव्हां ते नवशिके नव्हते. १९५७ पासून कटकच्या आकाशवाणीवर व नंतर मुंबईच्या चित्रपटसृष्टींत त्यांची बांसरी नांवाजलेली होती. शिकलेलें सारें विसरून प्रारंभापासून शिकण्याची तयारी हवी, अशी बाईंची अट होती. ती मान्य असल्याची साक्ष म्हणून हरिप्रसादांनीं उजवीकडे धरली जाणारी बांसरी डावीकडे धरली! हातांच्या जागा बदलल्या कीं बोटांना लागलेलें वळण निरुपयोगी होतें. साधा आरोहहि पुन्हां बसवावा लागतो. ज्या सरावानें नांव मिळवून दिलें, तोच त्यांनीं आपल्या हातांनीं मोडला.

तासांच्या कोणत्याहि हिशेबांत हा दिवस बसत नाहीं. मैहरच्या शिष्यांनीं तास मोजले नसतील असें नाहीं. पण तेथें कोणास काय द्यावें आणि कोणाकडून काय सोडवावें, हें गुरु आधीं पाहत असे. आपल्या घरीं मूल पेटी अगर सतार घेऊन बसलें, म्हणजे घड्याळाकडे पाहण्यापूर्वीं आपणहि क्षणभर त्याच्या हातांकडे पाहावें.