लग्नातली फुले : कोणाच्या बागेतली?

विवाहसमारंभातील फुलांकडे आपण सजावट म्हणून पाहतो. त्यांचा इतिहास सहसा नजरेस पडत नाही. एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नासाठी मुंडावळ्या, हार आणि तोरणे यांची फुले परसातच पिकवावीत असे आम्ही ठरवले, आणि ‘आपल्या पारंपरिक फुलांची’ यादी करायला बसलो. ती यादीच या टिपणाचे निमित्त.

यादीत पहिला झेंडू. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो, म्हणून मुहूर्ताशी मेळ घालायला सोपा. परंतु तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. १४९२ नंतर युरोपीयांचा त्या खंडाशी संबंध आल्यावरच तो इकडे पोचला. निशिगंधाचे मूळही मेक्सिकोच, तर शेवंतीचे चीन. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा (इ.स. १२९०) महाराष्ट्रातील एकाही लग्नमंडपाला झेंडूचे तोरण नव्हते. मेक्सिकोत हेच फूल मृतांच्या स्मरणदिनी वाहतात. आपण ते शुभकार्याच्या दारी बांधतो. ‘परंपरा’ हा शब्द वर्गात वापरताना एवढे भान पुरेसे ठरावे.

दुसरा प्रश्न पिकवणाऱ्या हातांचा. महात्मा फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे, साताऱ्याकडील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे ‘फुले’ हे नाव रूढ झाले. इतरांच्या घरी फुले पुरवणाऱ्या या घरातील जोतीरावांना १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत अपमान सोसावा लागला. माळ्याचे फूल वरातीत चालत होते. माळ्याचा मुलगा चालला नाही. पुढे सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ब्राह्मण पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. १८८७ मध्ये जोतीरावांनी स्वतंत्र मंगलाष्टके व पूजाविधीही सिद्ध केले. या क्रमात वरातीतील तो प्रसंग विसरता येत नाही.

सावित्रीबाईंच्या ‘काव्यफुले’ (१८५४) या संग्रहात जाई, गुलाब, पिवळा चाफा यांच्यावर कविता आहेत. आपण त्या निसर्गकविता म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. ज्या घराचे नावच फुलांच्या व्यवसायावरून पडले, त्या घरात फूल हे चरितार्थाचेही साधन होते, हे ध्यानात घेतले तर त्या कविता वेगळ्या वाचता येतील, असे आम्हांस वाटते.

आमच्या परसात मात्र झेंडू अपेक्षेपेक्षा कमी आला. मुंडावळ्या आणि दोन हार झाले. तोरणांची फुले पहाटे बाजारातून किलोच्या भावाने आणावी लागली. मांडवात सर्वांनी घरच्या फुलांचे कौतुक केले. बाजारातली फुले कोणाच्या शेतातली, हे कोणीच विचारले नाही. हे टिपण लिहिणाऱ्या आम्हीही नाही.