मुळशीची वीज आणि जागल्याची हांक

सह्याद्रीच्या कुशींत मुळशीस अडविलेलें पाणी कोंकणांतील भिरा येथें उतरतें व मुंबईस वीज पुरवितें. या विजेचें मोल मावळच्या शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी गमावून दिलें. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला. तरी गांवें बुडालीं आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. तो विरोध उघड होता. विरोधकांचीं नांवें सर्वांस ठाऊक होतीं.

शतकानंतर धोक्याचें रूप पालटलें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज गेली, आगगाड्या थबकल्या. २०२१ च्या फेब्रुवारीअखेर 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकन कंपनीनें भारतीय वीजव्यवस्थेंतील गुप्त शिरकावाविषयींचें संशोधन प्रसिद्ध केलें. पांचांपैकीं चार विभागीय भार प्रेषण केंद्रें लक्ष्य झालीं होतीं. मुंबईच्या अंधाराशीं त्याचा संबंध मात्र त्या अहवालानें सिद्ध मानला नाहीं. राज्याच्या गृहमंत्र्यांनीं घातपाताचा संशय बोलून दाखविला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं माणसाची चूक हेंच कारण सांगितलें.

या वादाहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, प्रसिद्धीपूर्वींच तें संशोधन भारत सरकारास कळविण्यांत आलें होतें. चोराची चाहूल एका दारीं लागली, तर ती शेजाऱ्यांसही सांगावी लागते. एप्रिल २०२२ मध्यें अशा घटना सहा तासांच्या आंत कळविण्याचा दंडक सरकारनें घातला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत टाटा पॉवरच्या संगणकांवर हल्ला झाला. तो कंपनीनें जाहीर केला. अब्रूच्या भयानें मौन धरणें सोपें असतें. परंतु जागल्यानें हांक दिली नाहीं, तर गांव झोपेंतच लुटलें जातें.