काळ्या पडद्याची भीती कुठून आली?

मैत्रिणींनो, गटाचा हिशेब लिहिताना कॉम्प्युटरवर कधी काळा पडदा उघडतो. चित्र नाही, बटण नाही, नुसती एक रेघ लुकलुकते. आम्हां बऱ्याच जणींचा हात तिथेच थबकतो.

ही तऱ्हा फार जुनी. १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवू लागले, तेव्हा आज्ञा देत ते टेलीटाइपवर. हे यंत्र कागदावर खडखडत सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं. लांब शब्द कोण लिहिणार? 'कॉपी'चं 'सीपी' झालं, 'रिमूव्ह'चं 'आरएम'. काम नीट झालं तर यंत्र गप्पच राही. घडवणारे तेच, वापरणारेही तेच, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं. आम्हीही आमच्या फडताळातले बिननावाचे डबे बरोबर ओळखतो की! पाहुणीला मात्र मीठ सापडत नाही.

१९८१मध्ये आयबीएमचा पीसी आला, सोबत डॉस. कॉम्प्युटर कचेऱ्यांत, घरांत पोचला, पण आज्ञा पाठच हवी. एक अक्षर चुकलं की उत्तर 'बॅड कमांड'. म्हणजे आज्ञाच वाईट! काय चुकलं, ते सांगायचं नाही. १९८४च्या मॅकिंटॉशने चित्रं आणि माऊस दिला, पुढे विंडोजनेही, आणि काळा पडदा मागे गेला.

गेला, पण मेला नाही. 'आरएम'ने पुसलेली फाइल आजही कचऱ्याच्या टोपलीत सापडत नाही. मग हात थबकला तर त्याला अडाणीपणा का म्हणावं? पुसण्याआधी विचारायला लावणारं 'आय' हे अक्षर त्या आज्ञेला जोडता येतं. पण तेही आधी कुणी सांगितलेलं असावं लागतं.