दोन नव्हे, पंधरा

पोलादपूरहून कापडे, उमरठ करत ढवळ्याकडे निघालं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. तिच्या माथ्यावर महाबळेश्वरचं आर्थर सीट आहे. आपल्याकडची जुनी माणसं त्या जागेला मढीमहाल म्हणतात. तिथल्या बंगल्याची गोष्ट वर आलेल्या प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते आणि आता ती खाली आपल्या गावांतही तशीच सांगतात.

गोष्ट अशी : आर्थर मॅलेट नावाच्या साहेबाने कड्यावर घर बांधलं. खाली सावित्रीत त्याची बायको आणि तान्ही मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. मग तो रोज कड्यावर बसून नदीकडे पाहत राहिला. पुढे घर गेलं, पण साहेबाचा जीव तिथेच घुटमळतो, अशी जोड कुणी ना कुणी देतोच. काही जण सालही सांगतात, १७९१.

आधी यातलं खरं ते मान्य करू. मॅलेट मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी होता. त्या टोकावर पहिलं घर त्याने बांधलं, अशी जुन्या गॅझेटियरची नोंद आहे. त्याची बायको सोफिया आणि बत्तीस दिवसांची मुलगी एलन हॅरिएट होडीसह बुडाल्या, हेही खरं. खोटं आहे ते साल, ठिकाण आणि मृतांचा आकडा.

साल पाहू. १७९१ मध्ये पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. हा आर्थरचा बाप. त्याचं लग्न चित्रकार जेम्स वेल्सच्या मुलीशी १७९९ मध्ये झालं. आईबापांच्या लग्नाआधी आठ वर्षं मुलाची बायको बुडाली, असं हे १७९१ साल सांगतं. शिवाय तेव्हा महाबळेश्वरात साहेबांची वस्तीच नव्हती. इंग्रज लष्करी अधिकारी लॉडविक १८२४ मध्ये तिथे चढला, १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कमने वसाहत सुरू केली आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ती जागा इंग्रजांकडे गेली. अपघात घडला १८५३ मध्ये. बापाच्या काळातलं साल लेकाला चिकटलं आणि एकाचं पाहून दुसरा लिहीत गेला.

आता ठिकाण. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला हे पुराव्याशिवाय कळायला हवं होतं. कड्याखालची सावित्री म्हणजे धोंड्यांतून उतरणारा ओहोळ. पावसाळा सरला की पोलादपूरकडे गुरं पाय भिजवून नदी पार करतात. तिथे होडी चालणार कशी? भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं आणि होड्यांची सावित्री तिथून खाली सुरू होते. मॅलेटची माणसं बुडाली ती सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत. त्यांचं स्मारकही बाणकोटच्या किल्ल्यापाशी आहे. आर्थर सीटपासून ते ठिकाण सरळ रेषेत जवळपास ६० किलोमीटर दूर आहे. आकाश स्वच्छ असताना समुद्राची रेघ दिसली, तरी बुडणारी होडी दिसणार नाही. म्हणजे ‘डोळ्यांदेखत’ हा गोष्टीचा कणाच मोडतो.

‘पण तिथे काहीतरी जाणवतं,’ असं लोक म्हणतात. जाणवतं ते खरंच. कठड्यावरून बाटलीचं हलकं झाकण खाली टाकावं, तर ते खाली न जाता गरगरत आपल्याच खांद्यावरून मागे येऊन पडतं. पश्चिमेचा वारा कोकणातून सपाट येतो, उभ्या कड्यावर आदळतो आणि त्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. तोच झाकण उचलतो, तोच घळीतून घुमतो. त्यासाठी साहेबाच्या आत्म्याला वेठीला धरायची गरज नाही.

‘गोष्टच ती, खरीखोटी कशाला तपासायची?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. भुताखेतांच्या गोष्टींवर माझा राग नाही. पाण्यात मेलेल्याचा गिऱ्हा होतो, असं कोकण सांगत आलं आहे. त्या समजुतीत निदान पाण्याचं भय आहे आणि बुडालेल्या प्रत्येकाची आठवण आहे. गिऱ्हा व्हायला साहेब असावं लागत नाही. आर्थर सीटची गोष्ट मात्र निवडून आठवते. त्या होडीबरोबर तेरा खलाशीही बुडाले. स्मारकाच्या हकिकतीत त्यांचा आकडा आहे, कड्यावरच्या गोष्टीत तोही नाही. त्यांच्याही घरी कुणी वाट पाहिली असेल, पण त्यांच्या बायकांच्या नावाने कुठल्या कड्याला ‘सीट’ मिळाली नाही.

सावित्री कशी माणसं नेते, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ इंग्रजांच्या काळातला पूल पडला. दोन एसट्या आणि इतर वाहनं पुरात गेली, आणि माणसांचा शोध थेट समुद्रापर्यंत घ्यावा लागला. तेव्हा महाड-पोलादपूरने प्रत्येक माणूस मोजला. जात, हुद्दा, तिकीट पाहून मोजला नाही.

तोच हिशेब मागे लावावा, एवढंच माझं म्हणणं आहे. मढीमहालावर उभं राहून मुलाबाळांना गोष्ट जरूर सांगा. बाणकोटचं नाव घ्या, १८५३ सांगा. आणि किती माणसं बुडाली असं मुलाने विचारलं, तर दोन म्हणू नका. पंधरा म्हणा.