झोपलेले चार शिपाई

मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही आणि इटली मी नकाशावरच पाहिली आहे. तरीही शाळेच्या कपाटात सापडलेल्या एका रंगीत चित्राने माझा पिच्छा अजून सोडलेला नाही. यंदा सहामाही परीक्षा संपल्यावर ते वर्गात दाखवले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "गुरुजी, हे तर कंसाचे पहारेकरी!"

चूक मोठी गोड होती. चित्र पिएरो देल्ला फ्रांचेस्का याचे, १४६० नंतरच्या दहा वर्षांतले. थडग्यातून उठलेला ख्रिस्त. एक पाय दगडी काठावर, हातात तांबड्या क्रुसाचा पांढरा ध्वज. खाली चार शिपाई गाढ झोपलेले. जे घडू नये म्हणून त्यांना राखणीला बसवले, तेच त्यांच्या उशाशी घडले आहे! त्यांच्यातला एक, मान मागे टाकून घोरणारा, खुद्द पिएरोच असावा असे परंपरेने मानतात. स्वतःला संतांच्या मेळ्यात न बसवता झोपाळूंत बसवणारा हा माणूस मला तेव्हापासून आपला वाटू लागला.

पिएरोचे गाव सान्सेपोल्क्रो. या नावाचा अर्थच 'पवित्र समाधी'. चित्र आहे तेही देवळात नव्हे, तर जिथून गावाचा कारभार चाले त्या इमारतीच्या भिंतीवर. आता तिथे संग्रहालय आहे.

ख्रिस्ताच्या मागची झाडे पाहा. आपल्या डाव्या हाताची निष्पर्ण, उजव्या हाताची पालवलेली. मृत्यू आणि पुनरुत्थान यांच्यामधली सीमारेषा म्हणजे तो उभा देह. एवढे मुलांनीही ओळखले. पण खरी मेख पुढेच आहे. शिपायांकडे आपण खालून पाहतो. त्या हिशेबाने ख्रिस्ताचा चेहराही खालून, हनुवटीकडून दिसायला हवा. तो दिसतो मात्र अगदी समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून! चित्रात दूरचे-जवळचे कसे दाखवावे याच्या गणितावर ज्याने स्वतः ग्रंथ लिहिला, त्याच्या हातून ही चूक कशी होईल? त्या काळच्या चित्रकारांना भूमिती म्हणजे ईश्वरी व्यवस्थेची खूण वाटे. पिएरोने तीच भूमिती झोपलेल्यांना लावली आणि जागा झालेल्याला तिच्यातून मोकळे केले, असे मी समजतो. पंडितांनी हवे तर हसावे.

पुढे १९२५ साली आल्डस हक्सली या इंग्रज लेखकाने एका प्रवासलेखात हे जगातले सर्वोत्तम चित्र ठरवून टाकले. असली प्रशस्तिपत्रे मला एरवी रुचत नाहीत. परीक्षा तपासून तपासून गुणांचा वीट आला आहे. पण या प्रशस्तीची गोष्ट निराळी. १९४४ साली महायुद्धात सान्सेपोल्क्रोवर तोफा डागण्याचे काम अँथनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे आले. मारा सुरू झाला, आणि गावाचे नाव त्याच्या मनात घोळू लागले. कुठे बरे वाचले? मग तो लेख आठवला. चित्र त्यानेही पाहिलेले नव्हते, नुसते वाचले होते! तेवढ्यावर त्याने मारा थांबवला. जर्मन सैन्य आधीच निघून गेले होते, हे मागाहून कळले. भिंत शाबूत राहिली.

त्या गावात क्लार्कच्या नावाचा एक रस्ता आहे.